रक्तात मान शोधणारी माणसं

मानेच्या मणक्यांचा आणि नसांचा आजार रक्तातल्या प्रथिनांवरून ओळखू पाहणाऱ्या संशोधकांबद्दल माझं मत बरीच वर्षं वाईट होतं. ते मी लपवलंही नाही. परिषदेत असा एखादा निबंध वाचला जाऊ लागला की मी चहाला उठायचो. विद्यार्थी असा विषय घेऊन आला तर त्याला दुसरा सुचवायचो. आता उठत नाही. शेवटच्या रांगेत बसून ऐकतो, प्रश्न विचारतो, कधीकधी भांडतो. हे कसं झालं ते सांगायचं आहे. वाचकांनी पश्चात्तापाची अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण तेव्हाच्या माझ्या शंकांपैकी बऱ्याचशा आजही शाबूत आहेत.

मी मज्जासंस्थेचा डॉक्टर. मान घेऊन येणारा रुग्ण साधारण तीन गोष्टी सांगतो. मान दुखते, ही पहिली. खांद्यातून बोटांपर्यंत कळ उतरते, मुंग्या येतात, ही दुसरी. तिसरी तो सहसा आपणहून सांगत नाही, विचारून काढावी लागते: चालताना चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, पोळी लाटताना लाटणं हातात ठरत नाही. पहिल्या तक्रारीमागे बहुतेकदा काळजीचं काही नसतं. दुसरीत मानेतून बाहेर पडणाऱ्या एखाद्या नसेचं मूळ चिडलेलं असतं. लोक त्यालाच ‘नस दबली’ म्हणतात. तिसरीत खुद्द मज्जारज्जू दबत असतो. मानेतल्या मणक्यांची नळी पुढून मागे मोजली तर साधारण 17 मिलिमीटर भरते. झिजलेल्या गाद्या, वाढलेलं हाड, जाड झालेले अस्थिबंध यांनी ती 13 च्या खाली आली की मज्जारज्जूची अडचण सुरू होते. आणि मज्जारज्जूतले तंतू एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत.

या तिसऱ्या प्रकाराचं निदान फार उशिरा होतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षांहून जास्त काळ गेलेला होता, आणि चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्णांना आधी कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबल्याचं सांगितलं गेलं होतं. मग रक्ताची एखादी चाचणी निघाली तर कुणाला नको आहे?

मला नको होती. निदान उशिरा होतं ते चाचणीवाचून अडतं म्हणून नव्हे, रुग्णाला तपासायला वेळ दिला जात नाही म्हणून, असं माझं म्हणणं होतं. मधल्या बोटाचं नख टिचकावायचं आणि अंगठा आत वळतो का बघायचं. हे हॉफमनचं चिन्ह. दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघड-मीट होते ते मोजायचं. वीसपेक्षा कमी झाली तर शंका घ्यायची. हातोडी ठोकायची, रुग्णाला सरळ रेषेत चालवून बघायचं. याला वीज लागत नाही आणि बिलही होत नाही. आपल्याकडे घडतं ते उलटं. मान दुखली की आधी पट्टा, मग शेक, मग एमआरआय, आणि रुग्णाला हात लावला जातो तो सगळ्यात शेवटी.

एमआरआयचीही एक गंमत आहे. जपानात 1,211 धडधाकट लोकांच्या मानेचे एमआरआय काढले गेले. यातल्या कुणालाच काही तक्रार नव्हती. 2015 साली निष्कर्ष छापून आले: 87.6 टक्के लोकांच्या मानेत गादी फुगलेली. म्हणजे अहवालात ‘डिस्क बल्ज’ वाचून ज्यांची झोप उडते, त्यांतले बहुतेक जण आपल्या वयाला साजेशी मान घेऊन हिंडत असतात. प्रथिनांचे पाईक हाच मुद्दा पुढे करायचे: चित्र काय ते दाखवतं, दुखापत होते आहे की नाही ते सांगत नाही, ते रक्त सांगेल. मी म्हणायचो, आधीच एक बडबड्या घरात आहे, दुसरा कशाला आणता?

या हेटाळणीला कारण होतं, आणि ते मानेशी संबंधित नव्हतं. 2002 च्या फेब्रुवारीत ‘द लॅन्सेट’मध्ये अंडाशयाच्या कर्करोगावर एक निबंध आला. रक्तातल्या प्रथिनांचा नमुना संगणकाला शिकवला, आणि त्याने ओळख न सांगता दिलेल्या रक्तांतले कर्करोगाचे 50 पैकी 50 नमुने ओळखले. कर्करोग नसलेल्या 66 पैकी फक्त 3 चुकवले. जगभर धमाल उडाली. त्यावर एक व्यापारी चाचणीही येऊ घातली. मग ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातले संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच सार्वजनिक आकडेवारी पुन्हा तपासली. त्यांना दिसलं ते असं की संगणकाने पकडलेले बरेचसे फरक कर्करोगाचे नसून नमुने केव्हा आणि कसे यंत्रात घातले गेले त्याचे असावेत. 2004 साली अमेरिकेची औषध-नियामक संस्था एफडीए हिने हस्तक्षेप केला आणि ती चाचणी बाजारात आली नाही. हे प्रकरण मी विद्यार्थ्यांना इतक्यांदा सांगितलं आहे की मी तोंड उघडायच्या आत ते ‘लॅन्सेट 2002, सर’ म्हणतात.

दुसरं कारण रक्ताच्या घडणीतच आहे. एक मिलिलिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन साधारण 40 मिलिग्रॅम असतं. मज्जातंतूंच्या आतल्या सांगाड्यातून सुटून रक्तात येणारं न्यूरोफिलामेंट लाइट नावाचं प्रथिन निरोगी माणसात तेवढ्याच द्रवात दहा पिकोग्रॅमच्या आसपास. फरक सुमारे चारशे कोटी पटींचा. जुन्या पद्धतीने, जेलवर प्रथिनं पसरवून, डाग कापून यंत्रात घालणाऱ्याला यातलं काय सापडणार? जे मुबलक आहे तेच. आणि मुबलक प्रथिनांत वर-खाली होणारी असतात ती शरीरात कुठेही दाह झाला की वाढणारी: हॅप्टोग्लोबिन, सीरम अमायलॉइड, पूरक साखळीतली काही. दात किडला तरी ती हलतात. प्राग इथल्या एका गटाने 2008 साली जेल वापरणाऱ्या निबंधांची छाननी करून दाखवलं होतं की आजार कुठलाही असो, त्याच त्या प्रथिनांची नावं पुन:पुन्हा येतात. एनोलेज आणि हीट-शॉक प्रथिनं हे त्या यादीतले मानकरी. मानेच्या आजारावरचे निबंध मी याच नजरेने वाचायचो. चीनमध्ये मानेच्या स्पॉन्डिलोसिसचे पोटप्रकार पाडतात आणि ‘नसमूळ प्रकार’ वेगळा धरतात. असल्या प्रकारच्या रुग्णांची तुलना कुणी रुग्णालयातल्याच तरुण कर्मचाऱ्यांशी केली तर सापडलेलं प्रथिन मानेचं की वयाचं, हे कळायला मार्ग राहत नाही.

आणि आपल्याकडची अडचण याहून वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या 441 पुरुषांचं बी-12 मोजलं होतं. 2006 साली छापलेल्या त्या अभ्यासात दोन तृतीयांश पुरुषांत ते कमी निघालं. बी-12 फारच घटलं की मज्जारज्जूचे मागचे आणि बाजूचे पट्टे खराब होतात, आणि चप्पल अशीच निसटते. त्यात मधुमेह, तो पायांच्या नसा कुरतडतो. एकाच माणसात अरुंद नळी, कमी बी-12 आणि पंधरा वर्षांची साखर असणं हे माझ्या ओपीडीतलं रोजचं चित्र. अशा माणसाच्या रक्तात मज्जातंतूंचं प्रथिन वाढलेलं निघालं तर त्यातलं कुणाचं किती, हे कोण सांगणार? हा प्रश्न मी आजही विचारतो आणि समाधानकारक उत्तर मिळत नाही.

मग मत बदललं कशाने?

आधी उपकरणं बदलली. अमेरिकेतल्या डेव्हिड वॉल्ट यांच्या गटाने 2010 साली एकेक रेणू मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्रतिपिंड चिकटवलेले सूक्ष्म मणी अतिसूक्ष्म खळग्यांत एकेक करून बसवायचे आणि किती खळगे उजळले ते मोजायचं. त्यामुळे पूर्वी पाठीत सुई घालून काढलेल्या मज्जाजलातच सापडणारं न्यूरोफिलामेंट साध्या रक्तातही मोजता येऊ लागलं. चारशे कोटी पटींचा माझा आवडता युक्तिवाद निम्मा पडला. 2023 साली युके बायोबँक या ब्रिटिश संशोधन प्रकल्पातल्या 54,219 लोकांच्या रक्तातल्या 2,923 प्रथिनांची मोजणी ‘नेचर’मध्ये आली, तेव्हा राहिलेला निम्माही डळमळीत झाला. पण उपकरण चांगलं झालं म्हणून प्रश्न चांगला होत नाही, असं म्हणून मी तेही रेटून नेलं.

खरा धक्का 25 एप्रिल 2023 ला बसला. एएलएस हा आजार, ज्यात स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात, त्यातल्या एसओडी1 या जनुकाच्या दोषावरच्या टोफर्सेन या औषधाला एफडीएने त्वरित मान्यता दिली. या औषधाच्या मुख्य चाचणीत रुग्णांच्या कामकाजाच्या गुणांतला फरक ठरलेल्या मुदतीत सिद्ध झाला नव्हता. मान्यतेचा आधार काय? रक्तातलं न्यूरोफिलामेंट घटलं हा. म्हणजे एक नियामक संस्था म्हणत होती की या प्रथिनाचा आकडा घटणं हे मज्जापेशींचं मरण मंदावल्याचं रास्त लक्षण धरता येईल. मी त्या निर्णयाशी पूर्ण सहमत आहे असं नाही. त्यावर आम्हा सहकाऱ्यांत बराच वाद झाला. पण त्या वादात मला पहिल्यांदा जाणवलं की मी आजवर चुकीच्या मैदानात लढत होतो. निदानाच्या मैदानात. हे प्रथिन कुठला आजार आहे ते सांगायला आलेलंच नाही. ते फक्त एवढं सांगतं की तंतू आत्ता तुटत आहेत.

तुळईला भुंगा लागला आहे का हे तुळईची भोकं बघून ठरत नाही. भोकं जुनीही असतील. खाली आज ताजा भुसा पडलाय का ते बघतात. एमआरआय भोकं दाखवतो.

हे डोक्यात आल्यावर मी जुना एक जपानी निबंध पुन्हा काढून वाचला. 2014 चा, छोटासा. त्यात मज्जाजलातलं न्यूरोफिलामेंटचं जड रूप मोजलं होतं. ज्यांचा मज्जारज्जू दबून लक्षणं झपाट्याने बिघडत होती अशा 8 जणांत त्याची सरासरी प्रति मिलिलिटर 2,127 पिकोग्रॅम. ज्यांचा दाब जुना आणि स्थिर होता अशा 6 जणांत 176. पूर्वी मी तो ‘आठ आणि सहा रुग्णांचा अभ्यास’ म्हणून बाजूला टाकला होता. अजूनही तो आठ आणि सहा रुग्णांचाच अभ्यास आहे. पण त्यातला जो निष्कर्ष मी कमकुवतपणा समजत होतो, म्हणजे दबलेला मज्जारज्जू असूनही स्थिर रुग्णांत आकडा वाढत नाही, तोच मला आता त्याचा मोठा गुण वाटू लागला. निदानाची चाचणी म्हणून ती साफ नापास आहे. केव्हा शस्त्रक्रिया करायची, हे विचारणाऱ्याला मात्र ती काहीतरी सांगू शकेल.

हा ‘केव्हा’ मला रोज छळतो. मज्जारज्जूच्या या आजारात हात, पाय, संवेदना आणि लघवीवरचा ताबा यांना मिळून 18 पैकी गुण देतात. 2017 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की 14 किंवा त्याखाली शस्त्रक्रियेचा सल्ला द्या. 15 ते 17 असतील तर शस्त्रक्रिया सुचवा किंवा देखरेखीखाली व्यायामोपचार, दोन्ही चालेल. दोन्ही चालेल! वाशीच्या बाजारात आयुष्यभर डोक्यावर पोती वाहिलेला माथाडी कामगार समोर बसतो. मूळचा पाटण तालुक्यातला. गुण 16. बोटं थोडी जड, चाल थोडी ताठ. विचारतो, “साहेब, आत्ता करून टाकू की थांबू?” आत्ता केली तर त्याचं ओझं उचलण्याचं काम बहुधा संपलं. थांबलो आणि बिघडलं, तर गेलेलं पूर्ण परत येईलच असं नाही. किती जणांचं बिघडतं? प्रसिद्ध अभ्यासांची गोळाबेरीज सांगते की तीन ते सहा वर्षांत 20 ते 62 टक्के. वीस आणि बासष्ट यांच्यामध्ये एका माणसाचं उरलेलं आयुष्य मावतं. या माणसाच्या रक्तातला आकडा दर काही महिन्यांनी मोजला आणि तो चढत गेला, तर ते मला कळायला हवं आहे. इतकं सरळ आहे ते. हॉफमनचं चिन्ह मला ते सांगू शकत नाही, कारण ते एकदा आलं की राहतंच.

आणखी एक उपयोग आहे, त्याबद्दल माझी खात्री थोडी जास्त आहे. एएलएस सुरुवातीला मानेच्या आजारासारखा दिसतो. हात बारीक होतो, पाय ताठरतात, वयही तेच. एमआरआय काढला तर वयोमानानुसार गादी फुगलेली असतेच. मानेची शस्त्रक्रिया होऊनही हात बारीक होतच गेलेले असे रुग्ण माझ्याकडे आले आहेत. त्यांना खरं कारण सांगणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम. एएलएसमध्ये न्यूरोफिलामेंट सहसा इतकं वाढलेलं असतं की संथ, जुन्या मानेच्या आजारात तसं दिसलं तर थांबून पुन्हा विचार करायला हवा. शस्त्रक्रियेआधी हे एक रक्त पाठवायला काय हरकत आहे, असं आता मीच म्हणतो. विद्यार्थी एकमेकांकडे बघतात.

नुसत्या नस दबण्याबाबत मात्र माझं मत फारसं हललेलं नाही. तिथे रसायनांचा भाग मोठा आहे हे खरं. स्वीडनच्या ओल्मार्कर आणि रिडेविक यांनी 1993 साली डुकरांवर दाखवलं होतं की गादीतला गर नसेच्या मुळावर नुसता ठेवला, दाब दिलाच नाही, तरी नस बिघडते. म्हणजे रक्तात दाहाचे अंश सापडणं अशक्य नाही. पण सापडून करायचं काय? अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातल्या रुग्णांवरचा 1994 चा अभ्यास, ज्याचे पहिले लेखक आपल्याच केरळचे डॉ. कुरुपथ राधाकृष्णन, सांगतो की अशा रुग्णांतले सुमारे नव्वद टक्के शेवटच्या तपासणीत लक्षणमुक्त किंवा किरकोळ त्रासापुरते उरले होते. आपणहून बरं होणाऱ्या दुखण्याला महागडी रक्तचाचणी लावणं म्हणजे आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये आणखी एक ओळ वाढवणं. ती ओळ येणार, याची मला धास्ती आहे. समजा मानदुखीच्या हजार लोकांत वीस जणांचा मज्जारज्जू खरोखर दबलेला आहे, आणि चाचणी निरोगी माणसाला फक्त पाच टक्के वेळा खोटी घाबरवते. तरी एकोणपन्नास जण विनाकारण घाबरतील. आणि न्यूरोफिलामेंटच्या बाबतीत पाच टक्क्यांवर थांबणार नाही, कारण वय वाढलं की ते वाढतं, मूत्रपिंड थकलं की वाढतं, मधुमेहाने नसा बिघडल्या की वाढतं, आणि माणूस लठ्ठ असला की कमी दिसतं. उलट बाजूही वाईट आहे. जुन्या, स्थिर दाबाचा रुग्ण ‘रिपोर्ट नॉर्मल’ घेऊन घरी जाईल आणि पडेल.

आमच्या विभागातल्या एका तरुण सहकारी डॉक्टरने गेल्या वर्षी नवा प्रस्ताव आणला. तिने सौम्य लक्षणांचे रुग्ण निवडायचे, ठरावीक काळाने रक्त घेऊन गोठवून ठेवायचं आणि गुणही नोंदवत जायचे, असं मांडलं. पूर्वी मी तिला दुसरा विषय दिला असता. या वेळी अटी घातल्या. तुलनेला निरोगी विद्यार्थी नकोत. त्याच वयाचे मधुमेही आणि बी-12 कमी असलेले हवेत. रक्त किती वेळात फिरवलं आणि किती तापमानाला ठेवलं याची नोंद प्रत्येक नळीवर हवी. शस्त्रक्रियेनंतरचे सुरुवातीचे आठवडे हिशोबात धरायचे नाहीत, कारण तेव्हा हा आकडा शस्त्रक्रियेमुळेही वाढलेला असू शकतो. तिने सगळं मान्य केलं, फक्त म्हणाली, “सर, मधुमेही आणल्यावर फरक पुसट होईल.” म्हटलं, होईल.

आमचं अडलं ते रुग्णाला आकडा सांगावा का यावर. ती म्हणते, आकडा चढत असताना आपण गप्प बसायचं हे योग्य नाही. मी म्हणतो, ज्याचा अर्थ अजून ठरलेला नाही त्यावरून कुणाची मान उघडायची नाही. एथिक्स कमिटीने तोडगा काढला: अभ्यास संपेपर्यंत आकडे आम्हा दोघांनाही बंद, पण दर तीन महिन्यांनी हातोडीची पूर्ण तपासणी सक्तीची, आणि कुणाचे गुण दोनने घसरले तर रक्ताची वाट न पाहता शस्त्रक्रियेचा सल्ला द्यायचा. ही शेवटची अट माझी. तिने त्यावर हरकत घेतली नाही. आकडे बंद ठेवण्यावर अजून घेते, आणि दर आढावा बैठकीत तो विषय पुन्हा काढते.